पुलावरची मुकादम

१२ ऑक्टोबर

बारके,

तुला मुकादम केलं हे वाचलं आणि शेजारच्या कंपाउंडरला हाक मारून तुझं पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, "काका, आधी चष्मा तर लावू द्या." मग त्यानं मोठ्यानं वाचलं. मला निम्मंच ऐकू आलं, पण मला सगळं पाठ झालेलं होतं. तू फोनच्या भानगडीत पडू नकोस. तोफा ऐकल्यापासून डाव्या कानाला दुसरं काही ऐकायची इच्छा राहिलेली नाही, आणि उजवा त्याच्या संगतीनं बिघडला. पत्रच बरं.

तुझा बाप असता तर आज सगळ्या गल्लीत सांगत फिरला असता. तो नाही, म्हणून मी फिरलो.

आता काळजीचं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तुला काय शिकवणार? पण फौजेत आमच्या कप्तानसाहेबांच्या हाताखाली राहिलो आणि पुढारीपण कशाला म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलं. तेवढं लिहितो. ते सगळ्यांत शेवटी जेवत. जे काम सांगत ते आधी स्वतः करून दाखवत. आणि कूच करायच्या आधी स्वतः खाली बसून एकेका शिपायाच्या बुटाची नाडी ओढून बघत. म्हणायचे, नाडी सुटली की माणूस पडतो, माणूस पडला की रांग थांबते. कप्तान, आणि शिपायाच्या बुटाला हात लावतो! त्या माणसासाठी आम्ही आगीत शिरलो असतो. एकदा शिरलोही.

तुझ्या कामात बूट नाहीत, दोर आहेत. समजून घे.

वर वारा किती असतो? कानटोपी घालतेस का? मुकादमानं कानटोपी घातली तर लोक हसतात का? हसू देत. कान माझे गेले तेवढे पुरेत.

काका

२९ ऑक्टोबर

काका, नमस्कार.

कानटोपी घालते. लोक हसतात.

पूल तुम्ही पाहिलेला नाही म्हणून सांगते. नदीवर नुसतं लोखंड आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. आम्ही टांगलेल्या फळीवर बसून गंज खरवडतो, मग रंग देतो. त्या टोकाला पोचेपर्यंत या टोकाला पुन्हा गंज धरायला लागतो, म्हणजे नोकरीची चिंता नाही.

टोळीत सगळे माझ्या आधीपासूनचे. सगळ्यांत म्हातारा तो मास्तर. शाळेत कधी शिकवलं नाही, पण ज्याच्या त्याच्या चुका काढतो म्हणून मास्तर. एक लांब्या, त्याला फळीची गरजच नाही असं बाकीचे म्हणतात. आणि एक जावई. गंज खरवडायलासुद्धा केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून येतो, सासुरवाडीला निघाल्यासारखा. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मुकादमबाई, रंग कुठला द्यायचा? नखांना लावतात तो?"

मी म्हटलं, "आधी गंज काढ. जिभेवरचा पण."

हसले सगळे, पण ऐकत कुणी नव्हतं. मग तुमचं पत्र आलं. इथला रिवाज असा, की प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं दुसरं टोक ज्यानं त्यानं आपल्या हातानं वरच्या तुळईला बांधायचं. दुसऱ्याच्या गाठीला हात लावला तर भांडण होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकेकाच्या दोराला सगळा भार टाकून लोंबकळले. "बाई झोके घेतायत," जावई म्हणाला. लांब्याची गाठ माझ्या भारानं सरकली. त्यानं गाठीकडे बघितलं, मग खाली नदीकडे बघितलं, आणि बाकीचे आपापल्या गाठी पुन्हा ओढून बघायला लागले.

तुमचे कप्तानसाहेब कामाला आले.

बारकी

९ नोव्हेंबर

बारके,

तुझं पत्र वाचून मला दोन घास जास्त गेले.

पण तू लोंबकळतेस म्हणजे कशी? खाली काय असतं? नको, सांगू नकोस. नाही, सांगच, नाहीतर मी मनानंच काहीतरी बघत बसेन.

साहेबांचं आणखी एक ऐक. रागवायचं झालं तर माणसाला बाजूला घेऊन जात. शाबासकी मात्र चारचौघांत देत. आमच्यातला एकजण पहाऱ्यावर डुलकी काढताना सापडला. साहेब त्याला झाडामागे घेऊन गेले, काय बोलले ते आजवर कुणाला कळलं नाही. पुढे तो माणूस सुट्टीवर असतानासुद्धा उभ्यानं झोपायचा. लांब्याला चारचौघांत बोललीस का? बोलली असलीस तर त्याच्या कामाचं एकदा सगळ्यांसमोर कौतुक कर. काही नसेल तर उंचीचं कर.

तू पुरेशी झोपतेस ना? मुकादमाची झोप जाते असं कंपाउंडर म्हणतो. त्याला कोण विचारतंय, पण म्हणतो.

काका

२० डिसेंबर

काका,

लांब्याचं कौतुक केलं. तो इतका लाजला की फळी हलली.

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, कामच तसं आहे. आमची टोळी सगळ्यांत पुढे आहे. ठेकेदाराचे साहेब बघायला आले, मास्तरला विचारलं, "बाई कशी आहे?" मास्तर म्हणाला, "व्याकरणात कच्ची आहे, बाकी ठीक." याच्याहून मोठं प्रमाणपत्र त्यानं उभ्या जन्मात कुणाला दिलेलं नाही.

सकाळी आता सगळे गाठी बांधून ओळीनं उभे राहतात आणि माझी वाट बघतात. जावई म्हणतो, "बाईंचा हात लागल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. घरी बायकोलासुद्धा तसंच सांगून आलोय." मास्तर तर दोर नुसता गुंडाळून ठेवतो. मी ओरडले तर म्हणाला, "तुम्ही ओढणारच ना? मग मी कशाला बोटं झिजवू?" मला हसू आलं. मीच त्याची गाठ मारून दिली.

खरं सांगते, इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. रजा तेवढी मिळत नाही. म्हणजे मिळेल, पण मी गेले तर गाठी कोण ओढणार?

बारकी

११ जानेवारी

बारके,

छातीत दुखतंय. डाव्या बाजूला, मग पाठीत जातं. कंपाउंडर म्हणतो वायू आहे, पण त्याचे डॉक्टर बाहेर गेलेत आणि त्याच्या बोलण्यावर मी मरायला तयार नाही. परवा रात्री तुझा बाप स्वप्नात आला. पाट सरकवून त्यानं मला बसायला जागा करून दिली. त्याचा अर्थ मला कळतो.

दोनच दिवस येऊन जा. तुला बघितलं की पुढे काय व्हायचं ते होऊ दे.

काका

१० फेब्रुवारी

बारके,

तू येऊन गेलीस त्याला आता महिना होत येईल आणि तुझं एक अक्षर नाही. रागावलीस होय? दुखणं आपोआप थांबलं, कंपाउंडर म्हणाला तसा वायूच निघाला म्हणून रागावलीस? मला काय हौस होती? दुखत होतं तेव्हा त्यावर नाव लिहिलेलं नव्हतं.

तू आलीस ते बरं झालं. तू वायसर बसवलंस तेव्हापासून नळ गळत नाही. त्याच्या टपटपीची मला इतकी सवय झाली होती की आता शांततेनं जाग येते. कंपाउंडरची बायको म्हणते, पोरगी वाळलीय. मी म्हटलं, मुकादम आहे, जाडी कशी होईल.

तू बसल्या बसल्या सारखी घड्याळाकडे बघत होतीस. मला ते दिसत होतं, बरं का. कान गेलेत, डोळे नाहीत. मनात म्हटलं, या पोरीला वाटतंय की ही नसली तर पूल नदीत जाईल. अगं, दोन दिवस टोळी सोडून आलीस, तर आभाळ कोसळलं का? माणसानं कामाला इतकं चिकटू नये. कप्तानसाहेबसुद्धा पत्ते खेळायचे. वाईट खेळायचे.

एक कार्ड तरी टाक. नुसतं 'बरी आहे' लिहिलंस तरी चालेल. मी रोज पोस्टमनला अडवतो. आता तो पलीकडच्या बाजूनं जायला लागलाय.

काका

२१ फेब्रुवारी

काका,

कोसळलं.

मी तुमच्याकडे होते तेव्हा, दुसऱ्या दिवशी सकाळी, जावई पडला. मी तुमच्या नळाला वायसर बसवत होते त्याच सुमाराला.

नदीत नाही पडला. खाली खांबाचा दगडी चौथरा आहे, त्यावर पडला. जीव वाचला. कमरेचं हाड मोडलं आणि डाव्या पायात काही राहिलं नाही. पुढे काठी घेऊन चालेल म्हणतात. चढणार मात्र नाही.

तुम्हाला सांगणारच नव्हते. तुमचं पत्र आठवडाभर खिशात घेऊन फिरले.

कसं झालं ते ऐका. निघताना मी मास्तरला म्हणाले होते, "दोन दिवस बघा जरा." मास्तरला वाटलं, रंगाच्या डब्यांकडे बघायचंय. लांब्याला वाटलं, मास्तर आहे म्हणजे मास्तर ओढेल. सकाळी गाठी मारून सगळे रोजच्यासारखे ओळीत उभे राहिले म्हणे. थोडा वेळ तसेच उभे होते. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, बाई नाहीत आज, चला." आणि चढले. जावयाचा पाय रंगावर घसरला. नुसतं लोंबकळायला हवं होतं त्यानं, बाकीच्यांनी चेष्टा करत वर ओढला असता. गाठ सुटली.

काका, माझ्या आधीच्या मुकादमानं कधी कुणाच्या गाठीला हात लावला नाही. त्याला कुणाचं काही पडलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येकजण घाबरून, दातांनी ओढून आपली गाठ पक्की करायचा. लांब्यासारखा एखादा सोडला तर. मी त्यांच्या हातांतली ती भीती काढून घेतली आणि ती माझ्याकडे ठेवून घेतली. मग बॅग भरून तुमच्याकडे आले.

दवाखान्यात गेले तर जावई म्हणाला, "बाई, तुमचा हात लागला नव्हता ना त्या दिवशी, म्हणून झालं." मला बरं वाटावं म्हणून बोलला हो. केस विंचरलेले होते त्याचे. बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती, मी निघेपर्यंत वळली नाही.

मुकादमी सोडते असं ठेकेदाराच्या साहेबांना सांगितलंय. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत विचार कर. विचार काय करायचाय? पुन्हा फळीवर बसेन, गंज काढेन.

तुम्हाला दोष देत नाही. पण कप्तानसाहेबांच्या सवयी आता लिहून पाठवू नका.

बारकी

२५ फेब्रुवारी

बारके,

नको म्हणालीस तरी एकच लिहितो. हे लिहून झालं की पुन्हा त्यांचं नाव काढणार नाही.

साहेब नाडी ओढून बघत ते नव्या भरतीच्या पहिल्या काही दिवसांत. पुढे नाही. पुढे रोज पहाटे ते सगळ्यांना समोर उभं करत आणि बोट दाखवून म्हणत, "मी पडलो तर हा. हा पडला तर तो. तो पडला तर हा." असं पार शेवटच्या माणसापर्यंत. ज्याच्याकडे पहिलं बोट गेलं, त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या नाड्या बघायच्या. साहेब बाजूला उभे राहून बघत. चुकला तरी मध्ये बोलत नसत. रोज नवा माणूस.

हे मला आठवत नव्हतं असं नाही. तुला पहिलं पत्र लिहीत होतो तेव्हा पेन इथपर्यंत आलं होतं. 'मी पडलो तर'. आता तूच सांग, लोखंडावर चढणाऱ्या पोरीला, बाप नसलेल्या पोरीला, मी हे शब्द कसे लिहू? हातून लिहिले गेले आणि खरे झाले तर? मी उठलो, पाणी प्यालो, परत येऊन बसलो आणि त्या जागी कानटोपीचं लिहिलं.

तुझ्यावरची वेळ टाळायला गेलो. ती दुसऱ्याच्या घरी गेली.

आणखी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नाही. साहेब खरंच पडले. आमच्या पुढ्यात. ज्याचा नंबर होता तो उठला, थोडं पुढे गेला, तोही पडला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी पहाटे दुसरं बोट माझ्याकडे आलं होतं. मी, चौथी पास, घाबरट. लहानपणी अंधारात अंगणात जायला तुझ्या बापाला बरोबर न्यायचो. पण मी "चला" म्हटलं आणि ते आले. उरलेले सगळे खाली पोचले. मी शूर होतो म्हणून नव्हे. सकाळी सगळ्यांच्या देखत नाव घेतलेलं होतं, म्हणून.

ज्या गोष्टीनं मी जिवंत राहिलो तेवढीच तुला सांगितली नाही.

मुकादमी सोडावीस की नाही यावर मला काही म्हणायचा हक्क नाही. जावयाला माझा नमस्कार कळव. नको, कळवू नकोस. त्यानं तो का घ्यावा?

काका

१८ मार्च

काका,

सोडली नाही.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मला तुमचा फार राग आला. सकाळी टोळीसमोर उभी राहिले. गाठींना हात लावला नाही. म्हटलं, "मी पडले तर मास्तर. मास्तर पडले तर लांब्या." लांब्या म्हणाला, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता बाई!" मी थांबले नाही. शेवटच्या माणसापर्यंत गेले. जावई उभा राहायचा ती जागा त्यांनी रिकामीच ठेवली होती. तिच्यासमोर माझं बोट क्षणभर अडलं, मग पुढे नेलं.

पहिल्या दिवशी मास्तरनं गाठी ओढल्या. एकेका गाठीपाशी इतका वेळ लावला की दुपार व्हायला आली. दुसऱ्या दिवशी लांब्या. एकाची गाठ त्यानं सोडून पुन्हा बांधायला लावली, तो भांडला, मी बाजूला उभी राहून ओठ चावत होते. काम मागे पडलंय, साहेब कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता सकाळी माझी कुणी वाट बघत नाही. मी पोचायच्या आत निम्मे वर गेलेले असतात. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, ते मला लागतं.

जावयासाठी खाली बसून रंग कालवायचं काम साहेबांकडून मागून घेतलं होतं. तो आला नाही. गावी गेला बायकोला घेऊन. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

त्या काठापर्यंत काम पोचेस्तोवर मला बोलावू नका. राग थोडा अजून आहे. पत्र लिहा, पण हवापाणी लिहा.

बारकी

६ एप्रिल

बारके,

हवा बरी आहे. पाणी सकाळी येतं, दुपारी जातं. नळ ठीक. पोस्टमन पुन्हा याच बाजूनं जायला लागलाय.

मागच्या आठवड्यात रस्त्यात बसलो. कंपाउंडरनं रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हे काही वायूचं दुखणं नाही, हृदयाकडच्या नळ्या बुजल्यात, छाती उघडावी लागेल. कंपाउंडर तेव्हापासून माझ्या नजरेला नजर देत नाही. मी त्याला सांगितलं, तुझं काही चुकलं नाही, तू डॉक्टर नाहीस. तर जास्तच रडला.

तू म्हणशील, म्हणजे काका, तेव्हाचं दुखणं खरं होतं. मलाही तसं म्हणून सुटावंसं वाटलं होतं. दोन दिवस मनाला तेच सांगत होतो. पण बारके, तेव्हा मला हे कुठे माहीत होतं? एकटं वाटत होतं, दुखत होतं, आणि दुखण्याचं निमित्त मिळालं म्हणून तुला बोलावलं. आज खरं निघालं म्हणून तेव्हाचं बोलावणं बरोबर ठरत नाही.

परवा सकाळी आत नेणार आहेत. हे पत्र तुला मिळेल तेव्हा जे व्हायचं ते झालेलं असेल. ते तुला कंपाउंडर लिहील. त्याचं अक्षर वाईट आहे, सावकाश वाच.

मी पडलो तर घराची किल्ली कंपाउंडरकडे. तो नसला तर त्याच्या बायकोकडे. ती नसली तर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. तुझ्या बापाचा फोटो तू ने. पितळी डबा कंपाउंडरच्या बायकोला, तिचा डोळा आहे त्यावर. बाकी सामान कोण नेतो ते बघत बसू नकोस. काल या तिघांना समोर उभं करून हे मोठ्यानं सांगितलं. शिंपी म्हणाला, "काका, बसून सांगा, धाप लागतेय." पण हे उभ्यानंच सांगायचं असतं.

भीती वाटते. पण तुला ये म्हणत नाही. काम काठाला लागू दे.

आणि हे वाचून निघावंसं वाटलंच, तर तशीच धावत निघू नकोस. सकाळी सगळ्यांना समोर उभं कर. आपण कुणाच्या हवाली करून चाललोय ते नाव घेऊन सांग. त्यानं सगळ्यांच्या गाठी ओढलेल्या बघ.

मग ये.

काका